पोरीचा पासपोर्ट सांभाळा

ताई, तुम्ही विचारलंत: पुढच्या वर्षी न्यू जर्सीला जातोय, लेक 12 वर्षांची आहे, नागपूरला मानकापूरच्या क्रीडा संकुलात जिम्नॅस्टिक्स करते, तिकडे कॉलेजकडून आणि पुढे भारताकडून, दोन्ही खेळता येईल का? येईल. फक्त तिचं भारतीय नागरिकत्व घालवू नका.

आम्ही नागपूरची धंतोली सोडली त्याला 25 वर्षं झाली. आमची पोट्टी इकडेच जन्मली, म्हणजे जन्मतः अमेरिकन. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते) काढलं तेव्हा वाटलं, झालं बाप्पा काम! कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिने भारताकडून खेळायचं मनावर घेतलं, तेव्हा कळलं की भारताच्या संघात फक्त भारतीय नागरिक, हा सरकारचा नियम 2008 पासूनच आहे. ओसीआयवर नागपूरला येऊन संत्रा बर्फी खाता येते, तिरंगा लावून मॅटवर उतरता येत नाही.

फिलिपिन्समध्ये दुहेरी नागरिकत्व चालतं. म्हणून तर अमेरिकेत वाढलेल्या एमा मलाबुयो आणि अलीया फिनेगन, दोघी कॉलेजच्या खेळाडू, 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये फिलिपिन्सकडून उतरल्या. आपल्याकडे तसं नाही. अराता इझुमी भारताकडून फुटबॉल खेळला तो जपानी नागरिकत्व सोडून. पोरीला तसं सोड म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

तुमचं बरं आहे. ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहायचा परवाना, मिळालं तरी ती भारतीयच राहते. गोची पुढे आहे. ती 18 च्या आत, ग्रीन कार्डवर, तुमच्याजवळ राहत असताना तुमच्यापैकी एकाने जरी अमेरिकन नागरिकत्व घेतलं, तर तीही आपोआप अमेरिकन होते. तिला कोणी विचारतही नाही. तेव्हा नागरिकत्वाची शपथ घ्यायची घाई नको. (आपल्या लोकांची ग्रीन कार्डची रांग पाहता घाई करून जमणारही नाही म्हणा.)

खेळाचं सांगते. इथे कॉलेजात गुण दहापैकी. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत काठिण्य आणि सफाई वेगळी मोजून बेरीज करतात. त्यामुळे कॉलेजचे कोच सोपं पण स्वच्छ करून घेतात, आणि जानेवारी ते एप्रिल जवळजवळ दर आठवड्याला स्पर्धा. आमचीची अवघड व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी) त्यातच सुटली. दीपा कर्माकर 2016 ला रिओत चौथी आली ती प्रोदुनोव्हासारख्या अवघड व्हॉल्टच्या जोरावर, हे विसरू नका. उन्हाळ्याची सुट्टी अवघड सरावासाठीच राखून ठेवा, आणि निवड चाचणीसाठी भारतात यायच्या तिकिटांचे पैसे आत्तापासून बाजूला काढा.

निघताना तिची स्पर्धांची सगळी प्रमाणपत्रं सोबत घ्या. मागे राहिलेल्या एकेका कागदासाठी माझ्या भावाने किती चकरा मारल्या, त्यालाच विचारा.