भारतात राहून घडवलेलं सिरॅमिक काम कोणत्या आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी पाठवता येईल?

लोएवे फाउंडेशन क्राफ्ट प्राइझसाठी नक्की पाठवा. १८ वर्षांवरील कुठल्याही देशाच्या कारागिराला तो खुला आहे. ५०,००० युरोंचा हा पुरस्कार फक्त सिरॅमिकचा नाही, तरी २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं तो मातीतल्या कामालाच मिळाला. २०१८ च्या विजेत्या जेनिफर ली तर ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, लावतच नाहीत. रंग आधीच मातीत मळून त्या चाकाशिवाय, हातानं भांडं उभं करतात. काय सुंदर पट्टे उमटतात त्यातून! मात्र रोजच्या वापरातले कप-ताटल्या करत असाल, तर जपानमधली मिनोची त्रैवार्षिक स्पर्धा बघा. तिथे वापरायच्या भांड्यांच्या डिझाइनची परंपरा जुनी आहे.