वाचक विचारतात : पुराची फिल्म आणि समीक्षकांच्या जांभया

प्रश्न : अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या २००५ च्या पुरावरची ‘द बिग अनईझी’ बघितली. इंजिनिअर लोक नुसते बोलतच राहतात, मला तर झोप आली. रिव्ह्यू वाचले तर कोणी म्हणतं महत्त्वाची, कोणी म्हणतं रटाळ. नक्की काय समजायचं? – एक वाचक, सांगली

उत्तर : झोप आली यात तुमचा दोष नाही, फिल्म दिसायला रुक्ष आहेच. पण हॅरी शिअररने (‘सिम्पसन्स’मधल्या मिस्टर बर्न्सचा आवाज, तोच तो) ती २०१० मध्ये काढली तोवर छपरावर अडकलेली माणसं टीव्हीवर सगळ्यांनी बघून झाली होती, दिग्दर्शक स्पाइक लीची याच पुरावरची चार तासांची फिल्म २००६ लाच येऊन गेली होती, म्हणून यानं रडारड बाजूला ठेवून एकच धरलं की पाणी शहरात शिरलं कसं. १७व्या स्ट्रीटच्या आणि लंडन अव्हेन्यूच्या कालव्यात पाणी भिंतीवरून गेलंच नव्हतं, तरी भिंती कोसळल्या, कारण खालची माती कच्ची आणि आतले लोखंडी पत्रे पुरेसे खोल ठोकलेले नाहीत. बांधणारं खातं अमेरिकी लष्कराचं, आर्मी कोअर. त्यांच्या प्रमुखांनी २००६ मध्ये डिझाइन चुकल्याचं कबूलही केलं, तरी लोक आपले तेव्हाच्या कॅटरिना वादळालाच शिव्या देतायत!

मला खटकतं ते हे की मी वाचलेल्या बहुतेक रिव्ह्यूंत गती, ग्राफिक्स, नट जॉन गुडमनचे मधले तुकडे यावरच चर्चा, आरोप पुराव्याला टिकतात का हे तपासायच्या भानगडीत फारसं कोणी पडत नाही. शोधफिल्मला तीच तर पहिली परीक्षा पाहिजे ना? बाकी रटाळपणाची तक्रार एका जागी मात्र शंभर टक्के बरोबर आहे. आयव्हर व्हॅन हीर्डन नावाच्या संशोधकानं कोअरवर बोट ठेवलं आणि पुढे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतली नोकरी गेली, मारिया गार्झिनो तर कोअरचीच इंजिनिअर, नवे पंप सदोष आहेत म्हणून आपल्याच खात्याविरुद्ध उभी राहिली. एवढी जबरदस्त माणसं हातात असून शिअररनं त्यांना नकाशे आणि आकडेमोडीत बुडवून टाकलंय. दुसरा एखादा असता तर या दोघांवरच अख्खी फिल्म उभी केली असती.

प्रश्न : आमच्या २०१९ च्या पुरावर अशी फिल्म कोणी का करत नाही?

उत्तर : करावी की. तेव्हा जो तो कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवत होता, मग पुराची कारणं शोधायला वडनेरे समिती बसली, रिपोर्टही आला, पण तो वाचला किती जणांनी? कोयनेतून कधी किती पाणी सोडलं, अलमट्टीत त्या दिवशी साठा किती होता, पूररेषेच्या आत बांधायला परवानगी कोणी दिली, एवढं धरून बसणारा कोणीतरी पाहिजे. फक्त एडिटर जरा बरा बघा म्हणावं.