ठाण्याच्या चित्राला ‘निसर्गचित्र’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांत डोंगर, रेल्वेमार्ग, कारखाने, इमारती सगळं एकत्र असतं, त्यांना ‘निसर्गचित्र’ म्हणणं बरोबर का? आणि ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण ‘निसर्गचित्र’ वापरतो, त्या ‘लँडस्केप’चं मराठीत लिंग कोणतं?

‘निसर्गचित्र’ हा सरळ षष्ठी तत्पुरुष. निसर्गाचं चित्र. व्यक्तिचित्रासारखा विषय नावातच सांगून टाकणारा. लँडस्केपचा विषय मात्र भूमी, मग तिच्यावर झाडं असोत की चाळी. जुन्या पिढीतले चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरचा रंकाळा तलाव रंगवला तेव्हा या फरकाने काही अडत नव्हतं. काठावर माणसाचं बांधकाम आलं तरी चित्र असायचं ते पाण्याचं, झाडीचं, उजेडाचं.

पटवर्धनांपाशी मात्र हा शब्द अपुरा पडतो. ते 1949 साली पुण्यात जन्मले, आणि 1975 ते 2005 ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करत चित्रं काढत राहिले. सुरुवातीच्या चित्रांत कष्टकरी माणूस जवळून, जवळजवळ चौकटभर दिसतो. पुढे त्याच्याभोवतीची जागा पसरत जाते. ‘पोखरण’ (ठाण्यातलं), ‘उल्हासनगर’, ‘लोअर परळ’ ही चित्रांची नावंच पत्ते आहेत. यातली जमीन कापलेली, भरलेली, रूळ टाकलेली आहे, आणि ज्यांच्या श्रमांनी ती अशी झाली ती माणसं तिथेच वावरताहेत. तिला निसर्ग म्हटलं की त्या माणसांचं काम शब्दातून पुसलं जातं. मला हे खटकतं.

मग पर्याय? ‘नगरदृश्य’ म्हणावं तर मागचा डोंगर बाहेर राहतो. हिंदीतलं ‘भूदृश्य’ अर्थाला जवळचं आहे, पण ‘दृश्य’ म्हटलं की एका जागी उभं राहून दिसणारा देखावा डोळ्यांपुढे येतो. पटवर्धन तर अनेक ठिकाणची रेखाटनं आणि नजरेचे निरनिराळे कोन एकाच कॅनव्हासवर जुळवतात. रस्ता वरून दिसतो, शेजारची माणसं समोरून. ही पायी हिंडून ओळखीची झालेली जागा आहे.

म्हणून मी ‘परिसरचित्र’ सुचवेन. ‘परिसर’मध्ये ‘सृ’ धातू आहे, म्हणजे सरणं, जाणं. ‘परि’ म्हणजे भोवती. शाळेतल्या ‘परिसर अभ्यास’मुळे शब्द मुलांनाही ठाऊक आहे, आणि त्यात ओढा, गल्ली, गिरणी, शेजारी सगळे बसतात. मुख्य म्हणजे परिसर कुणाचा तरी असतो. नदीकाठच्या जलरंगासाठी ‘निसर्गचित्र’ आहेच, ते बदलायचं कारण नाही.

राहिलं लिंग. चित्रकारांच्या बोलण्यात ‘छान लँडस्केप झालंय’ असंच येतं. चित्र नपुंसकलिंगी, म्हणून तेही. अनेकवचन बोलताना ‘लँडस्केप्स’ किंवा ‘लँडस्केपं’, दोन्ही चालतात. लिहिताना मी दुसरं पसंत करते.