जबड्याला फरक पडला, पण किती?

प्रश्न : डाव्या कानापुढे जबडा दुखतो, तोंड उघडताना ‘कट्ट’ असा आवाज येतो. पंधरा दिवस गोळ्या, शेक आणि मऊ खाणं झालं. महिन्यापासून रात्री स्प्लिंट (दातांवर बसवायचं प्लास्टिकचं आवरण) लावते. दुखणं कमी वाटतं, आवाज मात्र तसाच. ‘किती फरक पडला?’ असं डॉक्टर विचारतात तेव्हा काय सांगायचं? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आवाजावरून हिशेब करू नका. सांध्यातली सरकलेली चकती तोंड उघडताना जागेवर येते, त्याचा तो आवाज. दुखत-अडकत नसेल तर त्यावर उपचार लागत नाहीत. उलट आवाज एकाएकी थांबला आणि तोंड दोन बोटांच्या वर उघडेना, तर चकती पुढेच अडकलेली असू शकते, लगेच दाखवा.

वहीत रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री दुखण्याला ० ते १० मधला आकडा द्या. स्प्लिंटचा गुण बघायचा तो सकाळच्या आकड्यात. संध्याकाळी चढत असेल तर दिवसभराचं चावणं आणि कामाच्या नादात दात आवळणं तपासा. गोळी घेतली असेल त्या आकड्याला गोल करा, नाहीतर गोळीचं श्रेय स्प्लिंटला जातं.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. शाळेच्या पट्टीचा शून्य टोकापासून थोडा आत असतो, तेवढा तुकडा कापून टाका. आधी दुखायला लागेपर्यंत, मग जमेल तितकं उघडा. बोटांनी ताणू नका. मोठ्यांचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक बहुधा मोजण्यातलाच असतो. दुखण्याशिवाय उघडण्याचा आकडा वाढत गेला, तर तो खरा गुण.

एका वेळी एकच गोष्ट बदला. स्प्लिंट घासून नीट केला त्याच आठवड्यात कडक भाकरी पुन्हा सुरू केली, तर दुखणं कशानं वाढलं ते कळणार नाही. ती आमटीत मऊ होईपर्यंत कुस्करून खा. हुरडा यंदा राहू द्या, तो फार चावावा लागतो.

सुपारी किंवा मावा खात असाल तर तेही सांगा. त्यानं गालाची आतली कातडी ताठ होऊन तोंड कमी उघडतं, तिथे स्प्लिंटचा उपयोग नाही.

स्प्लिंट काढल्यावर तासाभरानंतरही दात पूर्वीसारखे जुळत नसतील, तर तो लावणं थांबवून वहीसकट डॉक्टरांकडे जा.