लेकी यादीत सापडत नाहीत, त्याचं काय?

प्रश्न : ताई, मी सोलापुरात एम.ए. करते. मोहोळ तालुक्यातल्या एका गावाचा घरोघरी केलेला सर्व्हे माझ्या हाती आला आहे. लग्न होऊन बायका कुठून कुठं गेल्या, हे त्यावरून काढायचं आहे. पण बाहेरगावी दिलेल्या लेकींचा त्यात पत्ताच नाही. काय करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पत्ता लागणारच नाही. घराच्या यादीत फक्त तिथं राहणारी माणसं येतात. लग्न झालं की लेकीचं नाव इथून गळतं आणि दुसऱ्या गावी ‘सून’ म्हणून चढतं. म्हणजे तुमच्याकडे आलेल्या सुना आहेत, गेलेल्या लेकी नाहीत. त्या हव्या असतील तर पुन्हा गावात जा. घरातल्या थोरल्या बाईला विचारा, लेकी किती, कोणती कुठं दिली, कोणत्या साली.

गडीमाणसावर विसंबू नका. सर्व्हेच्या कामात माझा जन्म गेला. सुनेचं माहेर विचारलं की कर्ता “अक्कलकोटकडची हाय” म्हणून मोकळा होतो, आणि गावाचं नाव आतून सासू सांगते. गावाबरोबर तालुका लिहाच, वडगाव नि पिंपळगाव ढिगानं आहेत. उस्मानाबाद जिल्हा म्हणाल्या तर जरा थांबा. 1982 साली त्यातून लातूर वेगळा झाला, त्यामुळं जुन्या बाईंचं उस्मानाबाद आज लातुरात असू शकतं. साल आठवत नसेल तर बहात्तरचा दुष्काळ आणि 1993 चा किल्लारीचा भूकंप, याच्या आधी की नंतर, एवढं विचारा.

आता सगळ्यात फसवा रकाना : जन्मठिकाण. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळं थोरल्या लेकीचं जन्मगाव बहुतेकदा तिचं आजोळ असतं, माहेर नव्हे. ते धरून नकाशा काढलात तर तिच्या आईचं माहेर तिच्या नावावर लागेल. जनगणनेत जन्मठिकाण आणि आधीचं राहण्याचं ठिकाण असे दोन वेगळे प्रश्न असतात. तुम्ही दुसरा घ्या. तोही नसेल तर सरळ विचारा, लग्नाआधी कुठं राहत होता?

अंतराचंही तसंच. अक्कलकोटची लेक शेजारच्या, पण कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात दिली की ते आंतरराज्य स्थलांतर. तीच करमाळ्याला दिली तर जिल्हासुद्धा बदलत नाही, पण एसटीत अर्धा दिवस जातो. म्हणून जिल्ह्याऐवजी किलोमीटर आणि माहेरी पोचायला लागणारा वेळ लिहा.

हे एवढं कशासाठी, असं तुमचे सर विचारतील. त्यांना सांगा, इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेनं 1975 पासून ज्या मोजक्या गावांतली घरं वर्षानुवर्षं नोंदली, त्यांत आपली शिरापूर आणि कळमण ही दोन गावं आहेत. इक्रिसॅटच्या या गावांच्या आकड्यांवरून 1989 साली रोझेनझ्वाइग आणि स्टार्क या अर्थतज्ज्ञांनी मांडलं की लांबच्या गावांशी सोयरीक असलेल्या शेतकरी घरांचा खाण्यापिण्याचा खर्च उत्पन्नाबरोबर तेवढा खालीवर होत नाही. पाऊस सगळीकडं एकदमच दगा देत नाही, मग व्याही मदतीला येतात. पटण्यासारखं आहे. पण बाईला विचाराल तर ती म्हणेल, मावशीनं स्थळ आणलं. दोन्ही नोंदवा.

‘कारण : लग्न’ या उत्तरावर मात्र थांबू नका. 2020-21 च्या केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात स्थलांतरित बायकांपैकी 86.8 टक्क्यांचं कारण लग्नच निघालं. त्या एका शब्दाखाली किती काम झाकलं जातं! लग्न होऊन सोलापुरात आलेली आणि आल्या आठवड्यापासून विड्या वळायला बसलेली बाई कागदावर लग्नासाठीच आलेली असते. तेव्हा लग्नाआधी काय काम करत होता आणि नंतर काय, हे दोन रकाने वाढवा.

शेवटी, माहेरी परत आलेल्या. विधवा, टाकलेल्या. त्यांचं आधीचं ठिकाण म्हणजे सासर, म्हणून आकड्यांत त्या उलट्या दिशेनं आलेल्या दिसतात. लग्नानं आलेल्या सुनांत त्यांना मिसळू नका, वेगळ्या मोजा. आणि हा प्रश्न भावजयीसमोर विचारू नका, उत्तर खरं मिळत नाही.