पांढरे वाढले की शेड वर

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. साठीच्या काकू, दर वीस दिवसांनी केसांना जेट ब्लॅक, पुढच्या महिन्यात लेकीचं लग्न, आणि लेक म्हणते, "आई, टोप घातल्यासारखा दिसतो." तू दोघींची तोंडं बघत बसलीस. भांग पाडून बघितलास का?

पांढरे वाढले की शेड वर जाते, म्हणजे आकडा वाढतो आणि रंग उजळतो; १ म्हणजे जेट ब्लॅक, ३ ते ५ गडदपासून फिक्या ब्राऊनपर्यंत. वयाबरोबर चेहऱ्याचा रंग उतरतो, केस विरळ होतात. लेव्हल १ च्या काळ्याशेजारी डोळ्यांखालची वर्तुळं आणखी गडद दिसतात आणि भांगातली टाळू चमकते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे काळ्यालगतची पांढरी रेघ दहा दिवसांत डोळ्यांत भरते. ब्राऊनजवळ तीच रेघ बरेच दिवस खपून जाते. माझा हिशेब असा: पाव केस पांढरे तर ३, अर्धे तर ४, त्यापुढे ५. आणि अंदाज नुसत्या भांगावरून बांधू नकोस. मानेजवळ पांढरे बहुधा कमी असतात, कानशिलांवर सगळ्यात जास्त.

पण तू म्हणतेस तसा सगळ्या डोक्यावर ५ लावलास तर फसशील. रंग रंगाला उचलत नाही, हे किती वेळा सांगायचं? मुळं ब्राऊन होतील, खालचा जुना काळा जागच्या जागी राहील आणि मध्ये पट्टा दिसेल. लग्नाच्या तोंडावर सगळा काळा उतरवायलाही जाऊ नकोस, नारिंगी पडेल. यावेळी मुळांना ४.०, म्हणजे झाक नसलेला साधा ब्राऊन, टोकं दोन इंच काप, आणि चेहऱ्याभोवती सात-आठ बारीक फॉइल, म्हणजे ब्लीच लावून फॉइलमध्ये गुंडाळलेल्या बटा. तिथे उचललेला केस तांबूसच येणार, म्हणून तांबूसपणा मारायला वरून ॲश, म्हणजे राखाडी झाकेच्या, ब्राऊनचा टोनर. ५ पुढे कधीतरी.

ब्लीचआधी काकूंना मेंदी लावतात का, ते विचार. बाजारातल्या काही मेंदीत धातूचे क्षार असतात, ब्लीच लागलं की केस तापतो. मागचे दहा-बारा केस कापून ब्लीचमध्ये ठेवून बघ. वाफ आली किंवा हिरवट झाले तर फॉइलचा विचार सोड.

मिश्रण: ४.० ची ६० मिली ट्यूब, २० व्हॉल्यूम डेव्हलपर, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड. प्रमाण ट्यूबवर असेल तेच, १:१ किंवा १:१.५. ३० व्हॉल्यूम घेतलं की पांढरे जास्त झाकतात असं नाही, उलट मुळं भडक होतात. काकूंना सोनेरी झाक हवी असेल तर अर्धं ४.०, अर्धं ४.३. नुसती फॅशन शेड पांढऱ्यावर धरत नाही. बरगंडी तर कानशिलांशी गुलाबी पडते, हे तू पाहिलंच असशील. सुरुवात कानशिलांपासून कर, केसांचे पापुद्रे अर्ध्या सेंटिमीटरचे घे, रंग जाडसर लाव, ३५ ते ४५ मिनिटं ठेव. दर वेळी रंग टोकांपर्यंत ओढत नेतेस ना, म्हणूनच टोकं कोळशासारखी झालीत. आणि निकाल ट्यूबलाइटखाली नाही, दारात उजेडात बघ.

काकू रागावतील. "मला काळाच हवा" म्हणतील. मलाही हेकट म्हणतात, म्हणू देत. काळ्याला मान डोलावली की दर वीस दिवसांचं गिऱ्हाईक पक्कं, हा हिशेब मलाही येतो. मान डोलावण्यात जी वर्षं गेली, त्यांचंच हे हेकटपण आहे. समोरची नाराज होऊन गेली तरी चालेल, पण पांढरे वाढले की शेड वर. तू मात्र हे तोंडाने पटवत बसू नकोस. कानाशेजारी ४ ची नमुन्याची बट धर, मग १ ची, आणि आरसा त्यांच्या हातात दे.

गुरुवारी त्यांना नुसतं पॅच टेस्टला बोलाव. कानामागे रुपयाएवढा ठिपका आणि ४८ तास वाट. "पंधरा वर्षं लावतेय, काही होत नाही," असं म्हणतील. रंगातल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी वर्षानुवर्षं लावल्यावरही अचानक उठते, आणि 'अमोनिया नाही' लिहिलेल्या ट्यूबमध्येही पीपीडी असू शकतं. खाज आली नाही तर शनिवारी रंग कर. लग्नाचा टच-अप चार दिवस आधी धर. आदल्या दिवशी केलास तर कपाळावरचे डाग फोटोत येतील.

— ताई