जपानची राज्यघटना तीच, मग मिसाईल्स कशी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सर, जपानच्या घटनेतच लिहिलंय ना की सैन्य ठेवणार नाही? मग अमेरिकेची लांब पल्ल्याची टोमाहॉक मिसाईल्स कशी चालतात? घटना बदलली का?

उत्तर: नाही, एक अक्षरही बदललेलं नाही. 1947 पासून सैन्य न ठेवण्याचं ते कलम 9 जसंच्या तसं आहे, बदलत गेला तो त्याचा अर्थ. 1954 ला सेल्फ डिफेन्स फोर्स, म्हणजे जपानचं आजचं सैन्य, उभी राहिली तेव्हा सरकार म्हणालं, स्वतःच्या बचावापुरतं बळ चालतं. पुढे 1976 ला संरक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 1 टक्क्याच्या आत ठेवायचं बंधन स्वतःवरच घालून घेतलं आणि साधारण तिथेच बरीच वर्षं थांबले. मग 2014 ला पंतप्रधान शिंझो आबे यांच्या सरकारने मंत्रिमंडळाच्या ठरावाने म्हटलं की मित्रदेशावर हल्ला झाला आणि त्यामुळे जपानचंच अस्तित्व धोक्यात आलं तरी आम्ही लढू शकतो, 2015 ला तसे कायदे केले तेव्हा संसदेबाहेर हजारो लोक विरोधात उभे होते. माझ्या मते खरा कलाटणीचा क्षण डिसेंबर 2022 चा, पंतप्रधान फुमिओ किशिदा यांच्या सरकारने ठरवलं की 5 वर्षांत 43 लाख कोटी येन खर्च करायचे, 2027 पर्यंत 2 टक्क्यांवर जायचं आणि शत्रूच्या मिसाईल तळावर उलटा मारा करायची ताकद ठेवायची. 400 टोमाहॉक घ्यायचं त्यासाठीच ठरलं, पल्ला साधारण 1600 किमी.

हे का झालं ते समजायला नकाशात जपानचं योनागुनी बेट शोधा. तिथून तैवान फक्त 110 किमी! 2016 पर्यंत तिथे लष्कराची एक तुकडीसुद्धा नव्हती, छावणी हवी की नको यावर 2015 ला बेटावर मतदान घ्यावं लागलं आणि छोट्याशा वस्तीत सरळ दोन तट पडले, शेवटी कौल छावणीच्या बाजूने गेला. ऑगस्ट 2022 मधे चीनने तैवानभोवती सराव केला तेव्हा 5 मिसाईल्स जपानच्या आर्थिक क्षेत्रात, म्हणजे जिथल्या मासेमारीवर जपानचा हक्क आहे त्या समुद्रात पडली. तिथल्या मच्छीमारांना ही बातमी टीव्हीवर बघायची गोष्ट नव्हती हो, त्यांची रोजची मासेमारी त्याच पाण्यात.

प्रश्न: जपानचा फिलिपिन्सशी लष्करी करार झाला म्हणजे आशियात नाटो बनतंय का?

उत्तर: नाही. नाटोसारखं एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला असं त्यात काही नाहीये. हा करार एकमेकांच्या देशात सैन्य आणण्याजाण्याचा आहे, म्हणजे सरावाला आलेल्या सैनिकाला व्हिसा लागणार का, शस्त्रं कशी आणायची, त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स तिथे चालेल का, गुन्हा केला तर खटला कोण चालवणार. ऐकायला कारकुनी वाटतं पण हे आधी ठरलेलं नसेल तर ऐन वेळी सगळं अडून बसतं. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनशी असे करार आधीच होते, फिलिपिन्सशी जुलै 2024 ला सही झाली, तीही फिलिपिन्सची राजधानी मनिलात, आणि सप्टेंबर 2025 पासून तो लागू आहे. याच मनिलाची 1945 च्या लढाईत जपानी सैन्याच्या हातून काय अवस्था झाली होती ते ज्यांनी वाचलंय त्यांना या सहीचं मोल कळेल, मला तर सहीचा तो फोटो बघून भरून आलं होतं.

प्रश्न: उद्या भारतावर वेळ आली तर जपान धावून येईल का?

उत्तर: तसा कुठलाही करार नाही आणि तशी आशा धरूही नये. जे आहे तेही कमी नाही. 2020 ला सही झालेल्या करारानुसार दोघांची सैन्यं एकमेकांना इंधन, अन्न, सुटे भाग देऊ शकतात, म्हणजे समुद्रात लांब गेलेल्या आपल्या जहाजाला तेलासाठी परत फिरायला नको. जानेवारी 2023 मधे आपली सुखोई विमानं जपानच्या ह्याकुरी तळावर सरावाला जाऊन आली, 2024 ला युद्धनौकेवरच्या युनिकॉर्न अँटेनाबद्दल (बरेच संपर्क अँटेना एकाच खांबात बसवणारी यंत्रणा) करार झाला.

जपानची खरी अडचण मात्र पैशाची नाही, माणसांची आहे. 2023-24 ला सैन्यात साधारण 19,600 जणांची भरती करायची होती, मिळाले जेमतेम 10,000. मुलंच कमी जन्मतात तिथे, आणि 43 लाख कोटी येन ओतले तरी 18 वर्षांचा मुलगा आणायचा कुठून?